रोल कुणी धुतला?

(आपल्या रेडिओवर सांगितलेली गोष्ट, वाचायला सोयीची करून)

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. आम्ही पनवेल तालुक्यातल्या बचत गटांकडून बोलतोय. आज इतिहास सांगायचाय, पण राजेरजवाड्यांचा नाही. तुमच्या ट्रंकेत, देवघराच्या वरच्या फळीवर, नाहीतर कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जे काळे-पांढरे फोटो पडलेत ना, त्यांचा.

हा विषय आमच्याकडे आला कसा, ते आधी ऐका.

गटाच्या मासिक बैठकीला एक मावशी पत्र्याची पेटी घेऊन आल्या. त्यांचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं. घर मोडलं, सामान नव्या वसाहतीत आलं, आणि सामानात ही पेटी. आत पंधरा-वीस फोटो. कौलारू घर, खळ्यावरची झोडणी, दोन-तीन लग्नं, होडीजवळ उभी असलेली माणसं. मावशी म्हणाल्या, "गाव आता बघायला मिळायचा नाही. एवढंच उरलंय. कर्जाचं रजिस्टर लिहिता तसं यांचंही काहीतरी लिहून ठेवा."

आम्ही वही काढली. फोटोतले पुरुष भराभर ओळखू आले. हे पाटील, हे शाळेतले मास्तर, हा मुंबईला मिलमध्ये होता तो. बायकांपाशी आलो की अडायचं. "ही त्यांची थोरली सून असावी." "ही बहुतेक गोठिवलीची." नाव कुणाला येईना. एका फोटोच्या मागे शाईने लिहिलं होतं, अमुक अमुक, सहकुटुंब. त्या एका 'सहकुटुंब'मध्ये पाच बायका उभ्या होत्या. मावशींना त्यातल्या दोघींचीच नावं सांगता आली.

बैठकीला आम्ही बारा जणी होतो. सगळ्या गप्प झालो. उद्या आपणही कुणाच्या तरी पेटीत 'सहकुटुंब' म्हणूनच राहणार, हे प्रत्येकीच्या मनात आलं.

फोटोमागे आणखी एक खूण होती. जुन्या पनवेलमधल्या एका स्टुडिओचा रबरी शिक्का. म्हटलं, चला, फोटो काढणाऱ्यालाच विचारू.

काका सांगतात, काकू दुरुस्त करतात

स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झालीत. पण काका भेटले, ऐंशीच्या पुढचे. हौसेने बोलायला लागले. काळा-पांढरा फोटो तयार कसा व्हायचा, ते त्यांनी आम्हाला पहिल्यापासून समजावलं. तुम्हीही ऐका, कारण मोबाइलच्या दिवसांत हे आपल्या मुलींना माहीतच नाही.

फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टी. तिच्यावर खळीसारखा पातळ थर असतो आणि त्या थरात चांदीचे क्षार असतात. हो, चांदीच. कॅमेऱ्याची कळ दाबली की क्षणभर उजेड आत जातो. जिथे उजेड पडला, तिथल्या चांदीत बदल होतो. पण डोळ्यांना तेव्हा काहीच दिसत नाही. मग रोल काळोखात काढायचा आणि डेव्हलपर नावाच्या औषधात बुडवायचा. उजेड लागलेली चांदी काळी होते. नंतर हायपो. न बदललेले क्षार हायपोत विरघळून निघून जातात आणि चित्र पक्कं होतं. मग भरपूर पाण्याने धुवायचं आणि धूळ नसेल अशा जागी दोरीला चिमटे लावून वाळत घालायचं.

ही झाली निगेटिव्ह. यात सगळं उलटं. पांढरं लुगडं काळं, काळे केस पांढरे. त्या निगेटिव्हमधून उजेड कागदावर पाडला की उलट्याचं सुलट होतं. तो कागदही पुन्हा त्याच औषधांतून काढायचा. कागदाचं काम लाल दिव्यात चालतं, पण रोलला लाल दिवाही चालत नाही. तिथे पूर्ण अंधार लागतो.

काका म्हणाले, "कागद हायपोत पाच मिनिटं ठेवला की झालं." तेवढ्यात चहाचे कप घेऊन काकू आल्या. त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या, "पाच नाही, दहा. पाचवर काढलेले फोटो पुढे पिवळे पडतात. आणि उन्हाळ्यात औषधाच्या ट्रेखाली बर्फ ठेवावा लागतो, ते सांगितलंत का?"

आम्ही काकूंकडे बघितलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"लग्नसराईत हे दिवसभर लग्नात. रात्री धुवायचे मीच. मुलं झोपली की डार्करूममध्ये जायचं, पहाटे चारला बाहेर. काचेवर फोटो चिकटवून सुकवायचे, म्हणजे चकाकी येते. सकाळी पाणी भरायला जायचं."

काका हसले. म्हणाले, "हो, ते खरंय. तिचा हात माझ्यापेक्षा बरा होता."

दुकानाची पाटी अजून माळ्यावर आहे. तीवर काकांचं नाव आहे आणि पुढे 'अँड सन्स'. मुलगा बँकेत नोकरीला. त्याने हायपोत कधी बोटसुद्धा बुडवलं नाही. आम्ही काकूंना विचारलं, तुमचं नाव कुठे? त्या म्हणाल्या, "मी तर घरचीच."

मैत्रिणींनो, 'घरचीच' हा शब्द लक्षात ठेवा. पुढची गोष्ट त्याचीच आहे.

फोटो आपल्या मुलखात आला

फोटो काढायची रीत १८३९ साली फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये जाहीर झाली. थोड्याच वर्षांत ती जहाजाने इकडे पोचली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्यात गोरे साहेब होते, तसे आपले लोकही होते. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचं नाव मुंबईच्या संग्रहालयामुळे तुम्ही ऐकलं असेल. त्यांचे भाऊ डॉक्टर नारायण दाजी हे त्या सुरुवातीच्या फोटोग्राफरांपैकी एक.

तेव्हा फिल्म नव्हती, काचेची पाटी होती. तिला औषध लावून ओली असतानाच फोटो काढायचा आणि लगेच धुवायचा. तंबू, बाटल्या, काचा असं बैलगाडीभर सामान लागायचं. त्यामुळे फोटो हे श्रीमंतांचं काम होतं.

बायकांनी परक्या पुरुषासमोर फोटोला बसणं तर दूरच. हैदराबादला लाला दीनदयाळ हे नामांकित फोटोग्राफर होते. त्यांनी १८९२ साली तिथे खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. उंच भिंतीआड, आणि फोटो काढायलाही बाईच. म्हणजे बाईने कॅमेरा हातात घेण्याची एक सुरुवात झाली ती पडद्यामुळे!

पुढे काचेच्या जागी गुंडाळता येणारी फिल्म आली. कॅमेरा हलका झाला. त्याच फिल्मवर हलती चित्रंही काढता येऊ लागली. आणि इथे आपल्या गोष्टीत सरस्वतीबाई येतात.

सरस्वतीबाईंच्या बोटांचं काम

दादासाहेब फाळके तुम्हाला माहीत आहेत. भारतात पूर्ण लांबीचा कथाचित्रपट पहिल्यांदा करणारे म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. ते मूळचे त्र्यंबकेश्वरचे. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. गोध्य्राला त्यांनी फोटो स्टुडिओ टाकला होता. तिथे प्लेगच्या साथीत त्यांची पहिली बायको आणि मूल गेलं. १९०२ साली त्यांचं दुसरं लग्न झालं, त्या सरस्वतीबाई. माहेरच्या करंदीकर.

गिरगावात ख्रिस्ताच्या चरित्राचा मूकपट बघून फाळक्यांनी ठरवलं, आपल्या देवादिकांच्या गोष्टी अशाच पडद्यावर आणायच्या. चांगला चाललेला छापखान्याचा धंदा सुटलेला. घरात लहान मुलं. रात्रंदिवस डोळ्यांना ताण देऊन त्यांची दृष्टी जायची वेळ आली. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते १९१२च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, काम शिकले, कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन दोन महिन्यांत परत आले.

घरच्या बाईने अशा वेळी काय म्हणावं? आपल्या गटात एखादीचा नवरा असा निघाला तर आपण तिला काय सल्ला देऊ? आम्ही बैठकीत विचारलं. बहुतेक जणी म्हणाल्या, दागिने आधी आईकडे ठेव. सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले. ते गहाण पडले. त्या पैशाचा सिनेमाच्या उभारणीत हात आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर भागभांडवल त्यांचंही होतं.

पण त्या पैसा देऊन बाजूला बसल्या नाहीत. विलायतेहून येणारी कोरी फिल्म तेव्हा दोन्ही कडांना भोकं नसलेली असायची. कॅमेऱ्याच्या दात्यांत अडकून पट्टी पुढे सरकायची तर कडेला सारख्या अंतरावर भोकं हवीत. ती पाडायचं हातयंत्र असे. आणि हे काम अंधारात करायचं, कारण उजेड लागला की फिल्म वाया. दादासाहेबांनी हे काम सरस्वतीबाईंना शिकवलं. दिवसभराचं घरकाम उरकल्यावर, रात्री, डोळ्यांना न दिसणारी पट्टी बोटांनी चाचपत त्या भोकं पाडत. भोक जरा इकडे तिकडे झालं की पडद्यावर चित्र हलणार.

आम्ही हिशेब केला, हिशेबाची आपल्याला सवयच आहे. 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट. एका फुटात १६ चित्रं. एका चित्राला एका बाजूने ४ भोकं, म्हणजे दोन्ही बाजूंनी ८. गुणाकार करा. ४,७३,६०० होतात. पावणेपाच लाख भोकं, तीही फक्त एका प्रतीला. यंत्राच्या एका दाबात एकाहून जास्त भोकं पडत असतील, तरी पट्टी सरकवणारी बोटं तीच. कॅमेऱ्यातली फिल्म वेगळी, दाखवायची प्रत वेगळी. आणि ही फिल्म साधी नव्हती. नायट्रेटची, ठिणगी लागली की भडकणारी. लहान मुलांच्या घरात.

सुरुवातीला भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. रोज थोडी थोडी फिल्म घेत महिनाभर त्या रोपाचं चित्रण केलं. पडद्यावर मिनिटाभरात बी फुटून वेल वाढताना दिसली, आणि कर्ज द्यायला माणसं तयार झाली. प्रकल्प मंजूर करून घ्यायला आधी नमुना दाखवावा लागतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मग 'राजा हरिश्चंद्र'चं काम सुरू झालं. दादरच्या राहत्या जागीच कारखाना. साठ-सत्तर माणसांचं जेवण सरस्वतीबाई रांधत असं सांगतात. नटांचे कपडे धुणं त्यांच्याकडे. फिल्म धुण्याची औषधं कालवणंही त्यांच्याकडे. दिवे नव्हते, सगळं सूर्याच्या उजेडात. नटाच्या तोंडावर ऊन परतवायला पांढरी चादर धरून उभं राहायचं, तासन्‌तास, तेही त्यांनीच. तारामतीची भूमिका करायला बाई मिळेना. दादासाहेबांनी बायकोला विचारलं. त्यांनी नकार दिला. एवढी कामं त्यांच्या हातात होती, ती कुणी करायची? शेवटी हॉटेलात काम करणारा साळुंके नावाचा तरुण तारामती झाला.

बाहेरचं काही चित्रण वांगणीला झालं. आपल्या माथेरानच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आहे ते, लांब नाही. तलवारी घेतलेली माणसं बघून गावकऱ्यांना दरोडेखोर आले असं वाटलं, अशी आठवण सांगतात.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात हा चित्रपट लोकांसाठी लागला. दादासाहेबांच्या नावाने पुढे सरकारने पुरस्कार सुरू केला. पहिला पुरस्कार १९६९ सालचा, देविका राणी या अभिनेत्रीला मिळाला. सरस्वतीबाईंचं नाव मात्र कित्येक वर्षं 'फाळक्यांच्या पत्नी' एवढ्यातच राहिलं. २००९ साली 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा मराठी चित्रपट आला, तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळलं की त्या कारखान्यात एक बाई बरोबरीने राबत होती. तुमच्यापैकी कुणी बघितला असेल. नसेल तर गटाने एकत्र बसून बघा.

दादासाहेब मोठेच होते, त्यांची थोरवी कमी करायची नाही. दोघांनी केलेलं काम दोघांच्या नावावर लागावं, एवढंच म्हणणं. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावा म्हणतो ना आपण, तसं.

नवऱ्याच्या नावाने छापलेले फोटो

ज्या १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्याच वर्षी ९ डिसेंबरला नवसारीला एका पारशी घरात होमाई नावाची मुलगी जन्मली. मुंबईत वाढली. फाळके शिकले त्याच जे. जे. कला विद्यालयात शिकली. फोटो काढायला तिला माणेकशा व्यारावाला यांनी शिकवलं. पुढे त्यांच्याशीच तिचं लग्न झालं.

होमाईंनी आपल्या वर्गमैत्रिणींचे, रस्त्यावरच्या लोकांचे, काम करणाऱ्या बायकांचे फोटो काढले. बायकांच्या एका मंडळाच्या सहलीचे त्यांनी काढलेले फोटो 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये छापून आले. एका फोटोला एक रुपया मिळाला. सहल बायकांची, फोटो काढणारी बाई. पण सुरुवातीला त्यांचे फोटो माणेकशांच्या नावाने छापले जायचे. नवीन बाई, तिला ओळखतं कोण, असा विचार.

होमाई थांबल्या नाहीत. १९४२ साली दिल्लीला गेल्या. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन, सायकलवरून कामाला जायच्या. १६ ऑगस्ट १९४७ला लाल किल्ल्यावर झेंडा फडकला, त्याचा फोटो त्यांनी काढला. गांधीजींच्या अंत्ययात्रेचेही काढले. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्या काळाची जी काळी-पांढरी चित्रं आपण बघतो, तशी कितीतरी या एका बाईने टिपलीत. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आज त्या ओळखल्या जातात. गाडीच्या नंबरावरून त्यांनी स्वतःला गमतीचं टोपणनाव घेतलं होतं, 'डालडा १३'. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. पुढच्या जानेवारीत त्या वारल्या, अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होत्या.

सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत राहिल्या, होमाई उजेडात आल्या. फरक हुशारीचा नव्हता. होमाईंचं नाव पुढे त्यांच्या फोटोखाली येऊ लागलं, सरस्वतीबाईंच्या कामाखाली नाव लिहायची तेव्हा कुणाला गरजच वाटली नाही.

आमचा छत्तीस फोटोंचा रोल

हे सगळं ऐकल्यावर आमच्या गटाला हुक्की आली. काकांकडे जुना कॅमेरा होता. काळा-पांढरा रोल अजूनही मिळतो, महाग असतो. गटाच्या बचतीला हात लावला नाही, प्रत्येकीने घरखर्चातून वर्गणी काढली. एका रोलात ३६ फोटो. आम्ही १२ जणी. प्रत्येकीला तीन.

मोबाइलवर एका लग्नात तीनशे फोटो काढतो आपण. इथे तीनच म्हटल्यावर एकेकीने आठवडाभर विचार केला. एकीने सासूच्या हातांचा फोटो काढला, भाकरी थापताना. एकीने मिठागराचा बांध काढला, कारण पुढच्या वर्षी तो असेल की नाही माहीत नाही. एकीने घाईत कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं आणि सहा फोटो उजेड लागून गेले. ती रडवेली झाली. काकू म्हणाल्या, "माझे पहिल्या वेळी दोन रोल गेले होते. लग्नाचे."

रोल काकूंनी आमच्याकडून धुऊन घेतला. काळोखात हात चाचपडत रोल डब्यात भरताना आम्हाला सरस्वतीबाई आठवल्या. लाल दिव्यात कोऱ्या कागदावर सासूबाईंचे हात हळूहळू उमटायला लागले, तेव्हा कुणी बोललं नाही.

मग प्रत्येक फोटोमागे लिहिलं: फोटोत कोण, कुठे, कधी. काढला कुणी. धुतला कुणी. काकूंचं नाव तीस फोटोंवर आहे. त्यांनी ती नावं चष्मा लावून वाचली, एकेक करून सगळी.

आता तुमच्यासाठी काम. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातले जुने फोटो आणा. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला बोलवा, तिच्यासमोर ते मांडा आणि बायकांची नावं विचारा. माहेरचं नाव, सासरचं नाव, काय काम करायची, सगळं. फोटोमागे पेनाने लिहू नका, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. फोटो वहीत डिंकाने चिकटवू नका. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशी धरते. कागदाच्या पाकिटात, कोरड्या पेटीत ठेवा. निगेटिव्ह सापडल्या तर फेकू नका, कडेने धरा. आणि प्रत्येक फोटोचा मोबाइलवर फोटो काढून नावांसकट गटाकडे ठेवा.

आमच्या पेटीवाल्या मावशींच्या 'सहकुटुंब' फोटोतल्या पाचपैकी चार बायकांची नावं आता मिळालीत. पाचवी अजून सापडायची आहे. तिच्या डोक्यावर हंडा नाही, कडेवर मूल नाही, ती सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय. तिला ओळखणारं कुणी ना कुणी या तालुक्यात असेलच. आम्ही विचारत राहणार आहोत.

तुमच्या पेटीतल्या बायकांची नावं विचारायला उशीर करू नका. सांगणाऱ्या आज्या आहेत तोवरच ही नावं आहेत.

बरं, भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.